रांजण गप्प झाला का?

आमच्या घरात रांजणाला कान लावायचा हक्क एकाच माणसाला. ज्याने त्या रांजणात जुन्या चिचेचा, म्हणजे मक्याच्या बिअरचा, गाळ विरजण म्हणून घातला, त्यानेच ऐकायचं. दुसऱ्या कुणाचा कान लागला तर रांजण बिथरतो, तयार झालेली चिचाही पुन्हा फसफसायला लागते, असं आमच्या क्लिसा गावाच्या आसपास सगळेच मानतात. गाळ नेहमी माझ्या सासूबाई घालतात. म्हणजे ऐकणार त्या, 'झाली' म्हणणार त्या, आणि बाकीच्यांनी फक्त बादल्या उचलायच्या.

सासूबाईंचं नाव गुमेर्सिंदा. आमच्या रस्त्यावर मक्याची ही बिअर करणारी चार घरं आहेत, पण लोक तीन दारं ओलांडून आमच्याकडे येतात. कारण कच्ची चिचा पोटात गेली की पोट नगाऱ्यासारखं फुगतं, डोकं ठणकतं, आणि परसातून घरात आणि घरातून परसात अशा फेऱ्या सुरू होतात. एखादा दिवस जास्त राहिली की आंबट ढाण. मधली वेळ नेमकी पकडावी लागते. शेजारच्या बायका फेस बघतात, चव घेतात, पेटती काडी रांजणाच्या तोंडाशी धरतात आणि ती विझली तर अजून झाली नाही म्हणतात. सासूबाई त्यांना हसतात.

"फेस खोटं बोलतो आणि जीभ लाडावलेली असते," म्हणतात. "कान कुणाची भीड धरत नाही."

सकाळी, तोंडात काही न घालता, त्या टोपी मागे सारतात, वेणी खांद्यावर टाकतात आणि रांजणाच्या पोटाला कान लावून डोळे मिटतात. आत चुरचुर चालू असेल तर नाही. रांजण गप्प झाला तर झाली. तीस वर्षांत त्या चुकल्या नाहीत असं लोक सांगतात, आणि त्याही ते नाकारत नाहीत.

मी सेनोबिया, त्यांची सून. वर डोंगरातल्या कथलाच्या खाणीच्या गावची. त्यांचा मुलगा आन्सेल्मो दोन वर्षं तिथे कामाला होता, परत येताना मला घेऊन आला. त्याला सहा वर्षं झाली, तरी सासूबाईंच्या तोंडी मी अजून 'खाणवाली'च.

"खाणवाले, मक्याला मोड आलेत की तू खडी भिजत घातलीस?"

"खडीच घातलीय. तुमचे दात बघून घालते मी," मी म्हणायची, आणि त्या खूश व्हायच्या. आमचं हे असं चालायचं. प्रेम होतं की नव्हतं ते विचारू नका, पण भांडायला दोघींनाही दुसरं कुणी आवडत नव्हतं.

जून म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, आणि हे झालं त्या जूनमध्ये थंडीने कहर केला होता. सकाळी बादलीतल्या पाण्यावर बोटभर बर्फ. संत पेद्रोचा सण तोंडावर होता आणि वरच्या रुमी पाम्पा गावात त्या वर्षीचं यजमानपद कासिमिरोकडे होतं. यजमान म्हणजे अख्ख्या गावाला तीन दिवस खाऊपिऊ घालायचं. माणूस हे आयुष्यात एकदा करतो आणि मेल्यावरही लोक त्याला त्यावरून ओळखतात. कासिमिरोने आमचे चारही रांजण सांगून ठेवले होते.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पिंपांमुळे. आमची चिचा लोक आमच्याच दारात, बाकावर बसून, भोपळ्याच्या वाटीने पितात. कुणी घरी नेलीच तर मडक्यात, वर फडकं बांधून. कासिमिरोने मात्र निळी प्लास्टिकची पिंपं आणायचं ठरवलं होतं, लोखंडी कडं आवळून झाकण पक्कं बसवायची.

"गेल्या वर्षी अर्धी चिचा रस्त्याने प्यायली," तो म्हणाला होता. "यंदा थेंब सांडू देणार नाही, मावशी."

तयार चिचा असेल तर तिला पिंपात कोंडा नाहीतर पेटीत. पण आत फसफसत असताना तोंड बंद केलं, तर ती हवा जाणार कुठे? कोंडलेली हवा काय करते, हे खाणीतल्या मुलीला शिकवावं लागत नाही.

त्या सकाळी सासूबाईंनी चारही रांजणांना कान लावला. मी दारात उभी होते. पहिल्यापाशी जरा जास्त वेळ, मग पुढच्या तिघांपाशी उगाच रीत म्हणून टेकल्यासारखं.

"झाली," त्या म्हणाल्या. "चारही गप्प आहेत. कासिमिरोला म्हणावं ये."

मी त्यांच्या मागून वाकून पाहिलं. दुसऱ्या रांजणाच्या काठाशी बारीक पांढरा फेस अजून हलत होता. फेस खोटं बोलतो, हे माझ्याही डोक्यात सहा वर्षं कोंबलेलं होतं. मी गप्प बसले, पण मन काही बसेना. नेहमी सहाव्या दिवशी होते ती चिचा, आणि आज सहावा दिवसच होता. पण नेहमी एवढी थंडी नसते. हात गारठला की माझी शेंगा सोलायची गती निम्मी होते, मग रांजणाची का होणार नाही?

आणि मग मला मंगळवार आठवला. मंगळवारी गोठ्यावरचा पत्रा घसरून फरशीवर आदळला होता. कोंबड्या उडाल्या, कुत्रं पळालं, मी किंचाळले. सासूबाई त्या पत्र्याकडे पाठ करून चूल फुंकत होत्या, त्या फुंकतच राहिल्या. मी मनात म्हटलं होतं, बाई काय एकचित्त आहे! आता तेच मला वेगळं दिसायला लागलं.

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. कासिमिरो आणि त्याच्या माणसाला जेवण घालायचं होतं. अंगणात कुणी नव्हतं. मी रांजणांच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

मी या रांजणबिंजणाच्या रुसव्यांवर विश्वास ठेवत नाही असं आन्सेल्मोला शंभरदा सुनावलं आहे. पण त्या थंड मातीला गाल टेकवताना मी देवाची माफी मागितली. मग ऐकलं. तव्यावर पाणी शिंपडल्यावर होते तशी चुरचुर, बारीक, न थांबणारी. दुसऱ्यात तीच. तिसऱ्यात जरा कमी. चौथा तर जोरात होता, तिथे कान लावायचीसुद्धा गरज नव्हती, वाकलं तरी ऐकू येत होतं.

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. कासिमिरो आला होता.

आन्सेल्मो बादल्या घेऊन आत आला तसं मी त्याला धरलं. "भरू नका. अजून व्हायचीय."

"आईने ऐकलंय."

"मीपण ऐकलंय."

त्याच्या हातातली बादली खाली आपटली. "तू कान लावलास? रांजणाला? सेनोबिया, तुला वेड लागलंय का?"

"चौथ्यापाशी नुसता उभा राहा, तुलाही ऐकू येईल."

"तू कान लावल्यावर येणारच ऐकू! उठवलंस ना तू त्यांना!" तो दारापासून एक पाऊलही पुढे आला नाही. "हे आईला कळलं तर ती तुला घरात ठेवायची नाही. तोंड बंद ठेव आणि बादली धर."

असा माझा नवरा. बैल खांद्यावर घेईल, पण आईच्या शब्दापुढे मांजर.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई माझ्याकडे पाठ करून पातेल्यातला मका ढवळत होत्या. चार पावलं मागे उभी राहून मी म्हटलं, "आई, रांजण अजून बोलतायत."

त्या ढवळत राहिल्या. मी जरा मोठ्याने म्हटलं, "आई, एक दिवस थांबवा त्यांना."

काही नाही. मग मी छाती भरून श्वास घेतला आणि त्या घरात बोलता येईल ते सगळ्यात वाईट बोलले. "आई, मी तुमच्या रांजणाला कान लावला."

पळी गोल फिरत होती, कडेचा मका खरवडून पुन्हा आत. त्यांनी बोटावर घेऊन चव पाहिली, मीठ घ्यायला वळल्या आणि मला बघून दचकल्या.

"अगं बाई! कधीची उभी आहेस खांबासारखी? मीठ दे तिकडचं."

मी मीठ दिलं. एवढं वाईट मला फक्त माझा बाप गेला तेव्हाच वाटलं होतं. ही बाई, जिला रांजणाचा कुठलाच आवाज येत नव्हता, त्याला कान लावून, डोळे मिटून, रोज एकटीच उभी राहत होती. आणि मी तिला 'दात बघून खडी घालते' म्हणून चिडवत होते. समोरून, माझ्या ओठांकडे बघत, ती हसत होती. ओठांवर आलेलं सगळं मी गिळलं. त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं होतं मला, की तुम्ही बहिऱ्या झालात? तेही ट्रक दारात असताना?

त्यांनी मला मका उतरवायला, ताटं पुसायला लावलं; अंगणात आले तेव्हा चारही पिंपं भरून ट्रकवर चढली होती. पहिल्याचं कडं आवळून अर्धा तास झाला असेल. सकाळी बर्फ पाडणारं आमचं हवामान दुपारी डोकं भाजतं. निळं प्लास्टिक उन्हात तापत होतं. बाकावर नेहमीचे चारपाच जण वाट्या घेऊन बसले होते, त्यांत म्हातारा लिबोरिओही होता.

"आन्सेल्मो, तू मागे पिंपांवर बस," कासिमिरो म्हणाला. "चढावर झाकणं हलता कामा नयेत. तुझ्यासारखं वजन फुकट कुठे मिळणार?"

बाक हसला. आन्सेल्मोही हसला आणि ट्रकवर चढून पहिल्या दोन पिंपांवर पाय पसरून बसला.

तीन तासांचा रस्ता होता. खड्डे, चढ आणि ऊन. आणि तो त्या झाकणावर बसून जाणार होता.

"दादा, कडी सैल करा," मी कासिमिरोला म्हटलं. "वर फडकं बांधा आणि हळू न्या."

"का? मावशी तर म्हणाली झाली."

"झाली, पण… थंडी होती."

"थंडी होती!" तो बाकाकडे वळला. "ऐकलंत का? खाणीतून आलेली मला चिचा शिकवतेय. बाई, तू चिचेत काय बघतेस? कथील?"

तेवढ्यात सासूबाई ताटं घेऊन बाहेर आल्या आणि ट्रककडे पाठ करून मेजावर ती मांडायला लागल्या. आणि मला तो आवाज आला. झाकणाचा. घट्ट ताणलेलं प्लास्टिक करकरतं तसा, एकदा, मग पुन्हा. आन्सेल्मोच्या मांडीखालचं झाकण मधोमध वर आलं होतं आणि तो लिबोरिओला काहीतरी ओरडून सांगत हसत होता.

"उतर!" मी ओरडले. "आन्सेल्मो, उडी मार!"

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने 'का' विचारलं नाही. तो उडी मारून खाली पडला, गुडघ्यांवर. त्याच क्षणी कडं सुटलं. झाकण बंदुकीसारखा आवाज करून उडालं, ट्रकच्या टपावर आपटलं, तिथून भिंतीवर. पिवळ्या फेसाचा लोट पुरुषभर उंच उठला आणि कासिमिरोच्या नव्या टोपीवर, बाकावर, सगळ्या अंगणावर बरसला. कुत्री भुंकायला लागली. बाकावरचे सगळे उभे राहिले. कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

सासूबाईंनी शेवटचं ताट सरळ केलं. "या, जेवून घ्या," त्या मेजाकडे बघतच म्हणाल्या. "मका गरम आहे तोवर."

आन्सेल्मो अजून गुडघ्यांवरच होता. त्याने आईच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं. त्याचा चेहरा मला बघवेना.

बाकीच्यांचं लक्ष फेसाकडे होतं. सासूबाई वळल्या आणि त्यांना ते अंगण दिसलं. त्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"मावशी!" कासिमिरो डोळे पुसत होता. "तू म्हणालीस झाली! तीनदा विचारलं मी! हा वर असता तर याचं काय झालं असतं? हे मी देवापुढे नेणार होतो? गावाला पाजणार होतो?"

बाकावरचे पाच जण त्यांच्याकडे बघत होते. उद्या तेच पाच जण बाजारात बसणार होते. तीस वर्षं एका दुपारी जाणार होती, माझ्यासमोर. मी ते होऊ दिलं नाही.

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "चिचा झाली होती. आई बरोबर होत्या. मी आज रांजणांना कान लावला."

मग लिबोरिओने मांडीवर थाप मारली. "म्हणूनच! मी म्हणतोच, गुमेर्सिंदा चुकेल कशी? उठवली बघा हिने झोपलेली चिचा!" बाकावर माना डोलल्या. सगळ्यांना हायसं वाटलं होतं. असं कारण मिळालं की माणसं किती लवकर शांत होतात.

कासिमिरो मात्र शांत झाला नाही. तो माझ्याजवळ आला, भिजलेली टोपी डोळ्यांवर ओढली आणि दात आवळून, फक्त मला आणि आन्सेल्मोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सहा वर्षांत स्वतःच्या कुशीत काही रुजलं नाही, आणि दुसऱ्याच्या रांजणाला कान लावायला निघाली. हिला आधी घरातून काढा. जिथे ही उभी राहील तिथे काही पिकायचं नाही."

मी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. त्या दिवशी घेतलं. आन्सेल्मो उठून उभा राहिला, मूठ वळली होती त्याची. मी त्याच्या मनगटाला धरून ठेवलं. एक शब्द बोलला असता तर सगळं बाहेर आलं असतं.

सासूबाई मेजापाशी उभ्या होत्या. कासिमिरोची टोपी त्यांच्या बाजूने खाली ओढलेली, त्याचं तोंड त्यांना दिसत नव्हतं. त्यांना माझं दिसत होतं. त्या दोन पावलं पुढे आल्या.

"काय म्हणाला तो तुला?" त्यांनी मला विचारलं.

"काही नाही, आई."

"आन्सेल्मो, काय म्हणाला?"

आन्सेल्मोने मान खाली घातली. सासूबाईंनी आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे नीट पाहिलं, सावकाश. मग त्यांनी टोपी काढली. परक्या माणसांसमोर आमच्याकडे बाया टोपी काढत नाहीत. सहा वर्षांत मी त्यांचं डोकं चारचौघांत उघडं पाहिलं नव्हतं. पांढऱ्या वेण्यांमधला भांग गुलाबी दिसत होता.

"कासिमिरो, माझ्याकडे तोंड कर," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. दिवस मोजून सांगत होते मी, बोटांवर. यंदा थंडीने मला फसवलं. हिचा कान लागायच्या आधीच चिचा कच्ची होती. ही खोटं बोलतेय, माझ्यासाठी."

लिबोरिओने वाटी खाली ठेवली. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

"तीन पिंपं राहिलीत, त्यांची झाकणं आत्ता काढ," त्या पुढे म्हणाल्या. "वर फडकी बांध. गाडी बैलगाडीसारखी चालव. गावात पोचलास की चुलीजवळ ठेव, उद्या दुपारपर्यंत थेंब कुणाला द्यायचा नाही. कधी वाढायची ते ही सांगेल. हिला तुझ्याशेजारी, पुढे बसवून न्यायचं."

"बरं, मावशी," कासिमिरो पुटपुटला आणि ट्रककडे वळायला लागला.

"थांब." त्यांनी त्याची बाही धरली. "आधी मघाशी माझ्या सुनेला काय म्हणालास ते सांग. मोठ्याने सांग. मला ऐकायचंय, आणि या सगळ्यांनाही ऐकू दे."

कासिमिरोने तोंड उघडलं. अंगणात पिंपातली चुरचुर स्पष्ट ऐकू येत होती. सासूबाई त्याच्या ओठांवर नजर लावून उभ्या राहिल्या, पण त्याला ते मोठ्याने म्हणता आलं नाही.